थांबलं तिथून पुढे

त्यांचं खरं नाव दुकानाच्या हजेरीपटावर होतं आणि ते तिथेच राहिलं. दुकानात, गल्लीत, इतकंच काय सासुरवाडीतही सगळे त्यांना डेमोराव म्हणत. त्यांना याचा राग येत नसे. उलट कुणी नुसतं 'अहो' म्हणून हाक मारली तर ते जरा हिरमुसत. माणसाला आपल्या कामाचा अभिमान असावा, पण डेमोरावांचा अभिमान त्यांच्या चार पावलं पुढे चालायचा आणि आपल्यासाठी खुर्ची मागून घ्यायचा.

दुकान तीन मजल्यांचं. खाली पंखे आणि मिक्सर, मध्ये फ्रिज आणि कपडे धुण्याची यंत्रं, वर टीव्ही. जिना चढून वर आलेल्या माणसाला चुकवताच येणार नाही अशा जागी एक टेबल होतं आणि त्यावर ब्लू-रे प्लेअर. महागातले दोन काचेच्या कपाटात असत. त्यांच्याकडे लोक लांबूनच बघत. बाहेर, हाताशी, सगळ्यात स्वस्त. अर्थात 'स्वस्त' हा शब्द डेमोरावांच्या तोंडी कधी आला नाही. ते म्हणत, "हे घरगुती मॉडेल." काळं, चपटं, वजनाला इतकं हलकं की फडक्याने पुसायला गेलं तर टेबलावरून पळायचं. पुढच्या बाजूला एक बटण, एक दिवा आणि पेनड्राइव्हची खाच. एवढ्या ऐवजावर डेमोराव असं बोलत की हा माणूस विमान विकतोय असं वाटावं.

चित्र फुल एचडी. एचडीएमआयची एकच वायर, चित्र आणि आवाज दोन्ही तिच्यातूनच, घरात वायरींचं जंजाळ नाही. जुनी डीव्हीडी घातलीत तर तीही घासूनपुसून लख्ख करून दाखवणार. खाचेत पेनड्राइव्ह लावा, लग्नाचे फोटो बघा. लहान मुलांसाठी कुलूप. आणि शेवटी आवाज खाली आणून, घरातली आतली गोष्ट सांगावी तसं: "शिवाय याला आठवतं. तुम्ही मध्येच उठलात, बंद केलंत, दुसऱ्या दिवशी लावलंत, की थांबलं तिथून पुढे सुरू." मग बोट वर. "फक्त डिस्क बाहेर काढायची नाही आणि प्लग उपटायचा नाही. आणि आठवते ती शेवटची जागा. त्याच्या आधीचं त्याला विचारू नका."

हे सगळं ते चालू सिनेमावर दाखवत, आणि खरी मेख इथेच होती. म्हाताऱ्या मालकांनी त्यांना कामावर ठेवलं तेव्हा एकच धडा दिला होता: गोष्ट सुरू झाली की गिऱ्हाईक गेलं. माणूस चित्राचा रेखीवपणा बघतोय, आवाजाकडे कान लावतोय, तोवर तो यंत्र घेणार. एकदा का नायिकेचं पुढे काय होणार याची त्याला काळजी लागली, की तो खुर्ची ओढून बसतो, फुकटात सिनेमा बघतो आणि 'घरी विचारून येतो' म्हणून जातो तो जातोच. म्हणून दहा मिनिटांच्या आत थांबवायचं. म्हातारे मालक गेले, त्यांचा मुलगा गल्ल्यावर बसला, यंत्रं बदलली, पण डेमोरावांचा अंगठा वेळ झाली की आपसूक बटणावर जाई. शेकडो सिनेमांची सुरुवात त्यांना तोंडपाठ होती. शेवट मात्र एकाचाही ठाऊक नव्हता, आणि त्यात काही कमी आहे असं त्यांना कधी वाटलं नाही.

दुकानात हे खपून गेलं. पण संध्याकाळी हा माणूस घरी येई तेव्हा अंगठाही सोबत येई.

घरी वहिनी. सगळी गल्लीच त्यांना वहिनी म्हणे, म्हणून आपणही तेच म्हणू. सकाळच्या वेळी त्या एका दवाखान्यात केसपेपर देत, दुपारी घरी येत, आणि आयुष्याकडून त्यांची फारशी मागणी नव्हती. एक होती. एक सिनेमा त्यांना पुरा बघायचा होता.

तो सिनेमा त्यांनी अर्धा बघितला होता, लग्न झाल्यावर पहिल्याच आठवड्यात, नवऱ्याबरोबर. दोघं पहिल्यांदाच एकटे बाहेर पडले होते. सिनेमात धक्क्यावर बोट लागलेली असते, नायिका कायमची दूर निघालेली, नायक खाली उभा. ती बोटीच्या जिन्यावर चढते, अर्ध्यावर थांबते आणि मागे वळते. सगळं थिएटर श्वास रोखून बसलं होतं. वहिनींनी तर नवऱ्याचा हात धरला होता. नेमके त्याच क्षणी डेमोराव उठून उभे राहिले आणि मागे वळून ओरडले, "फोकस!" चित्र जरा धूसर होतं हे खरं. पण ते धूसर आहे हे शंभरातल्या नव्व्याण्णवांना दिसलं नव्हतं, कारण ते नायिकेकडे बघत होते. डेमोराव यंत्राच्या खोलीपर्यंत गेले, तिथल्या माणसाला भिंगांवर व्याख्यान दिलं, मॅनेजर टॉर्च घेऊन आला, आणि दोघांची बाहेर रवानगी झाली. वहिनींची एक चप्पल खुर्चीखाली राहिली ती शेवटी टॉर्चच्या उजेडात मिळाली. डेमोराव मात्र लढाई जिंकून आल्यासारखे चालत होते. "मॅनेजरने माफी मागितली," हे ते आजही सांगतात. वहिनींनी वाटेत विचारलं होतं की पुढे काय झालं असेल हो. तेव्हा ते म्हणाले, "पुढे? पुढेही तसंच धूसर."

ती वर गेली की खाली आली, हा प्रश्न वहिनींच्या मनात तेव्हापासून मुक्कामाला आला. लेक झाली, लेकीचं लग्न झालं, प्रश्न हलला नाही. एकदा तो सिनेमा टीव्हीवर लागला होता. तेव्हा डेमोराव गच्चीवर अँटेना फिरवत होते आणि वरून "आता? आता?" करत होते. वहिनी खिडकीतून डोकं बाहेर काढून "अजून नाही, अजून नाही" ओरडत राहिल्या, आणि आत बोट निघून गेली.

मग मध्यंतरी लेक माहेरी आली ती सिनेमाची डिस्क घेऊनच. कुठल्याशा दुकानात जुन्या मालाच्या ढिगात तिला सापडली होती, नव्याने साफसूफ करून काढलेली. तिने आईला म्हटलं, बाबा दुकानात असतात तेव्हा निवांत बघून टाक. वहिनी म्हणाल्या, नको. अर्धा दोघांनी बघितलाय, उरलेलाही दोघांनीच बघायचा. लेकीने आईकडे जरा कीव आल्यासारखं बघितलं आणि ती आपल्या घरी निघून गेली.

दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी वहिनींनी स्वयंपाक लवकर आटोपला, पडदे ओढले आणि नवऱ्याच्या शेजारी बसल्या. आता बघा, नमनाला घडाभर तेल कसं जातं. डिस्क आत गेली आणि डेमोरावांना आठवलं की यंत्राचं सॉफ्टवेअर जुनं झालंय. घरगुती मॉडेलला वायफाय नसतो, तेव्हा ते पेनड्राइव्ह घेऊन दुकानात गेले, नवं सॉफ्टवेअर त्यात भरून परत आले आणि यंत्राला पाजलं. यंत्र बंद पडलं, चालू झालं, पुन्हा बंद पडलं. दिवा लुकलुकत राहिला. वहिनींनी पडदे उघडले आणि वाळत घातलेले कपडे काढायला गेल्या.

पुढच्या सुट्टीला सिनेमा सुरू तरी झाला. पण नायकाने पडद्यावर पाऊल टाकलं आणि डेमोरावांनी चित्र गोठवलं. "मिशी बघ. केस न् केस मोजून घे." मग त्यांनी त्याच सिनेमाची जुनी डीव्हीडी कुठून तरी पैदा केलेली होती ती लावली, म्हणजे फरक कळावा. मग परत ब्लू-रे. मग परत डीव्हीडी. वरखालच्या काळ्या पट्ट्या का असतात, त्या असणं कसं बरोबर आहे आणि त्या घालवणारे लोक कसे अडाणी आहेत, यावर एक प्रकरण झालं. वहिनींनी नायकाची मिशी त्या दिवशी इतकी बघितली की तिच्यावरचं त्यांचं मनच उडालं. बोट धक्क्याला लागलीच नाही.

तिसऱ्या वेळी व्याही-विहीणबाई आले होते. डेमोरावांनी त्यांना डेमो दिला. व्याही सज्जन माणूस, मान डोलवत राहिले. विहीणबाई चुकून म्हणाल्या की बरा दिसतोय सिनेमा, राहू दे की चालू. तोवर अंगठ्याने आपलं काम केलं होतं.

शेवटी एका दुपारी वहिनींनी ठरवलं की निदान सुरुवातीचा भाग तरी एकटीने बघून ठेवावा, म्हणजे नवऱ्याबरोबर थेट जिन्यापासून लावता येईल. बटण दाबलं तर पडद्यावर चार आकडे मागणारी चौकट आली. मुलांसाठीचं कुलूप. घरात मूल म्हणाल तर लेक, तीही आता स्वतःच्या संसारात. पण सुविधा आहे म्हटल्यावर ती वापरायला नको? वहिनींनी दुकानात फोन लावला. डेमोरावांनी कुलपाचे फायदे सांगितले, कुलपाच्या पातळ्या सांगितल्या, कुठल्या पातळीला काय दिसतं आणि काय दिसत नाही ते सांगितलं. मग म्हणाले गिऱ्हाईक आलंय, आणि फोन ठेवला. आकडे तेवढे सांगायचे राहिले.

त्या दिवशी वहिनींना पहिल्यांदा खरा राग आला. त्या कधी आदळआपट करणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांनी डिस्क बाहेर काढली, भाजीच्या पिशवीत टाकली, वर एक उसवलेला झगा ठेवला आणि पलीकडच्या इमारतीत शिवणताईंकडे गेल्या.

शिवणताईंकडे तेच यंत्र होतं, अगदी तेच घरगुती मॉडेल, डेमोरावांनीच विकलेलं. शिवताना कानाला सोबत म्हणून त्यांना जुने सिनेमे लागत. दुकानात डेमोरावांनी त्यांना सगळं पुराण ऐकवलं होतं आणि शेवटी शिवणताईंनी एवढंच विचारलं होतं, "डिस्क घातली की चालतं ना?" या प्रश्नाने डेमोराव दोन दिवस दुखावलेले होते. शिवणताईंनी यंत्र घरी आणलं, जुन्या डबड्या टीव्हीला पिवळ्या-पांढऱ्या-लाल वायरीने जोडलं आणि माहितीपुस्तिका टेबलाच्या हलणाऱ्या पायाखाली घातली. त्यांच्या पडद्यावरची माणसं सगळी उभी ताणलेली दिसत, खलनायकसुद्धा काटकुळा. शिवणताईंना वाटे, त्या काळी माणसं बारीकच असावीत.

डिस्क आत गेली आणि सिनेमा सुरू झाला. एवढंच. कुणी काही समजावून सांगितलं नाही. शिवणताई काजं करत होत्या, वहिनी झग्याचा उसवलेला धागा ओढत होत्या, आणि गोष्ट आपली पुढे सरकत होती. मिशी आली आणि गेली. धक्का आला, बोट आली. नायिका जिना चढली, अर्ध्यावर थांबली, मागे वळली. "थांबवा," वहिनी म्हणाल्या.

शिवणताईंनी चष्म्यावरून बघितलं. म्हणाल्या, आता कुठे रंगात आलंय. वहिनींनी थिएटरची सगळी हकीकत सांगितली, चपलेसकट. इथून पुढचं त्यांच्याबरोबरच बघणार, म्हणाल्या. शिवणताईंना वहिनींची अक्कल काढावीशी वाटली, पण तोवर तोंडात टाचण्या धरल्या होत्या. त्यांनी यंत्र बंद केलं. डेमोरावांचं सगळं पुराण वाहून गेलं असलं तरी एक वाक्य त्यांच्या लक्षात राहिलं होतं, म्हणून त्यांनी डिस्क आतच ठेवली आणि कुणी प्लग उपटू नये म्हणून त्यावर शिवणाची चिकटपट्टी लावली.

संध्याकाळी जेवताना वहिनींनी नवऱ्याला सांगितलं. डिस्क कुठे आहे, कुठे थांबवलंय, आणि सुट्टीच्या दिवशी आपण दोघांनी तिथे जायचंय. डेमोरावांचा घास हातातच राहिला.

"तिच्याकडे? पिवळ्या वायरीवर? अगं, आपल्या घरी एचडीएमआय आहे. तिथे तुला काय दिसणार?"

"सिनेमा," वहिनी म्हणाल्या. "घरी तुम्ही बघत नाही. दाखवता."

डेमोरावांनी यावर उत्तर शोधलं. घरगुती मॉडेलबद्दलचा कुठलाही प्रश्न असता तर उत्तर तयार होतं. हा प्रश्न कुठल्याच पुस्तिकेत नव्हता. ते पाणी प्यायले, आणि वहिनींना वाटलं की लागलं बहुतेक बोलणं. वाईटही वाटलं आणि बरंही.

सुट्टीच्या दिवशी ते आले. खिशात स्क्रूड्रायव्हर आणि हातात नवी कोरी एचडीएमआय वायर. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात तो हा. शिवणताईंच्या खोलीत टीव्हीसमोर दोन स्टुलं होती, भोवती कापडांचे तुकडे. डेमोरावांनी आल्या आल्या टीव्हीच्या मागे डोकं घातलं आणि त्या डबड्याला एचडीएमआयची जागाच नाही असं निदान करून बाहेर काढलं. वायर त्यांच्या मांडीवर वेटोळं करून बसली. त्यांचा हात रिमोट शोधू लागला. रिमोट शिवणताईंनी बटणांच्या डब्यातून काढला आणि वहिनींच्या हातात दिला.

इतक्या वर्षांच्या संसारात रिमोट पहिल्यांदाच वहिनींच्या हाती आला होता. त्यांनी बटण दाबलं. यंत्राने क्षणभर घरघर केली आणि त्याला बरोबर आठवलं. जिना, अर्ध्यावर नायिका, मागे वळलेली.

"माणसं ताणलीत," डेमोराव म्हणाले. "गुणोत्तर चुकलंय. एका मिनिटात..."

"मापं मी बघते," शिवणताई म्हणाल्या आणि मशीनच्या चाकावर हात ठेवून बसल्या.

 वहिनी पडद्याकडे झुकल्या. आता कळणार होतं. पण सिनेमावाले कुठले सरळ सांगायला. नायिका जिन्यावर थांबली ती थांबलीच, आणि तिला मागचं सगळं आठवू लागलं. बालपण आठवलं, बागेतला झोपाळा आठवला, कसल्याशा आजारात गेलेला बाप आठवला, एक अख्खं गाणं आठवलं. वहिनींना काही घाई नव्हती, इतकी वर्षं थांबल्या तिथे एक गाणं काय जड आहे. त्यांनी हात थोडा सरकवला, नवऱ्याच्या हाताच्या जवळ.

गाणं संपलं. नायिका वळली आणि खाली येऊ लागली. एक पायरी, आणखी एक. खाली आली! सगळा जिना उतरून, बॅग तिथेच टाकून, ती थेट नायकासमोर येऊन उभी राहिली. आणि तो महाभाग खाली वाकून बुटाची नाडी बांधत होता. त्याने वर बघितलंच नाही. ती उभी राहिली, बघत राहिली, तोंड उघडलं, मिटलं, आणि वळून परत वर गेली. नाडी बांधून तो सरळ झाला तेव्हा बोटीने भोंगा दिला होता.

वहिनींना हसू फुटलं. मुक्कामाला आलेला प्रश्न असा निघून जाईल असं त्यांना वाटलं नव्हतं. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. त्या नवऱ्याला सांगायला वळल्या.

डेमोराव झोपले होते. हनुवटी छातीवर, तोंड अर्धवट उघडं, मांडीवर वायर. शिवणताईंनी खूण करून सांगितलं की कधीचेच झोपलेत, झोपाळ्यापासून. अंगठा मात्र स्टुलाच्या कडेवर हळूहळू दाबला जात होता, नसलेल्या बटणावर. सिनेमा थांबवणं एवढंच त्यांना येत होतं. ते काम काढून घेतल्यावर बिचाऱ्याला सिनेमात करण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

शिवणताईंनी उठवू का विचारलं. वहिनींनी नको म्हटलं. वाईट वाटलं त्यांना, उगीच कशाला लपवा. मग त्यांनी रिमोट उचलला आणि आवाज दोन घरं वाढवला.

उरलेला सिनेमा त्यांनी शेवटपर्यंत बघितला. नावं वर सरकू लागली, संगीत मोठं झालं, तेव्हा डेमोराव दचकून जागे झाले. त्यांनी पडद्याकडे बघितलं, वहिनींकडे बघितलं, वायर सावरली. वहिनींना वाटलं आता चित्राच्या प्रतीबद्दल बोलतील. पण ते काही वेगळंच म्हणाले, आणि तेही जरा घाबरत.

"मग? आली का ती खाली?"

म्हणजे यांनाही आठवत होतं तर. कुठे उठलो ते, कुठे थांबलं ते, सगळं. 

"आली होती," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही झोपला होतात."

डेमोरावांनी रिमोटसाठी हात पुढे केला. मागे नेऊन बघतो म्हणाले, मिनिटभराचं काम. वहिनींनी रिमोट बटणांच्या डब्यात ठेवला, डबा शिवणताईंकडे दिला, आणि झगा घडी करून पिशवीत घातला. शिवणताईंनी मशीन सुरू केलं.